हा माणूस आपल्याकडे कधी आला होता?

सातारा जिल्ह्यात शिवजयंतीला आणि राज्याभिषेकदिनाला इतिहासाची प्रदर्शने भरवणाऱ्या सर्व मंडळांना,

स. न. वि. वि.

यंदाच्या शिवजयंतीला तुमच्यापैकी एका मंडळाचे प्रदर्शन पाहायला गेले होते. मंडळाचे नाव लिहीत नाही. जे सांगायचे आहे ते तुम्हा सगळ्यांनाच आहे, आणि त्या मंडळातली निम्मी मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत. मांडणी नेटकी होती. दांडपट्टे, कट्यारी, तोफेचे गोळे, सगळ्याला नीट चिठ्ठ्या लावलेल्या. एका भिंतीवर ‘परकीयांच्या नजरेतून’ असा मथळा आणि खाली ओळीने फ्लेक्स. त्यातल्या एकावर टोपीवाल्या साहेबाचे चित्र, खाली थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने केलेले महाराजांचे वर्णन: ठेंगणी मूर्ती, सावळा वर्ण, तेजस्वी डोळे, दिवसातून एकदाच जेवण. आणि वर लाल अक्षरांत ‘प्रत्यक्षदर्शी’.

आठवी-नववीतली एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर ते उतरवून घेत होती. लिहिता लिहिता थांबली आणि शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला म्हणाली, “दादा, हा माणूस आपल्याकडे कधी आला होता?” तो जरा गडबडला. मग म्हणाला, “आला असणार की. बघितल्याशिवाय कुणी लिहील का?”

तिने मान हलवली आणि उरलेले उतरवून घेतले. मी तेव्हा बोलले नाही. गर्दी होती, आणि तीन दिवस राबलेल्या त्या मुलाला चारचौघांत खाली मान घालायला लावणे माझ्याने झाले नसते. पण घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

बघितल्याशिवाय लिहितात, बाळांनो. पुष्कळ जण लिहितात. थेवेनो सुरतेला उतरला तो जानेवारी १६६६ मध्ये. सुरतेच्या पहिल्या लुटीला तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि बंदरात, वखारींत, पाद्र्यांच्या मठात लोक अजून तेच बोलत असणार. ते त्याने ऐकले आणि टिपून ठेवले. महाराजांना भेटल्याचे तो कुठेही सांगत नाही. पुढच्याच वर्षी परतीच्या वाटेवर इराणात तो वारला. हिंदुस्थानावरचा त्याचा भाग छापून आला १६८४ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर सतरा वर्षांनी. तेव्हा फलकावरचे वर्णन ठेवा, पण वरचा ‘प्रत्यक्षदर्शी’ हा शब्द काढा.

आता त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवून पाहू. सुरतेच्या इंग्रज वखारीत एस्कॅलियट नावाचा पाद्री होता. जानेवारी १६६४ ची ती लूट चालू होती तेव्हा हा गावातच होता. लूट संपल्यावर सुमारे पंधरवड्याने, २६ जानेवारीला, त्याने इंग्लंडात नॉर्विचला राहणाऱ्या सर टॉमस ब्राऊन यांना लांबलचक पत्र लिहिले. त्यातही महाराजांचे वर्णन आहे. बेताची उंची, रेखीव बांधा, बोलताना हसल्यासारखा चेहरा, चपळ आणि भेदक नजर, आणि वर्ण त्यांच्या सगळ्या माणसांपेक्षा उजळ. मात्र एस्कॅलियट आधीच सांगून टाकतो की हे वर्णन ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. त्या दिवसांत अँथनी स्मिथ नावाचा एक इंग्रज महाराजांच्या छावणीत अडकून पडला होता. त्याने पाहिलेले वखारीत पोहोचले असेल, असे मला वाटते.

म्हणजे एकाच्या लेखी सावळे, दुसऱ्याच्या लेखी उजळ. तुम्ही काय करता? ज्याला जो आवडतो तो त्याचा फ्लेक्स लावतो. आणि मग दोन मंडळांची व्हॉट्सॲपवर जुंपते. खरे तर दोन्ही कागद एकाच फलकावर हवेत. एक जण दोन आठवड्यांनी लिहितोय, दुसरा दोन वर्षांनी. एक गावात होता, दुसरा नंतर आला. दोघांनीही ऐकूनच लिहिले. रंगाबाबत त्यांचे जमत नाही. जमावे तरी कसे? सांगणारा कोण, त्याने कुणाशी तुलना केली, यावर ते ठरते. पण उंची बेताची आणि नजर विलक्षण, एवढ्यावर दोघांचे एकमत आहे. एकाने दुसऱ्याचे वाचलेले असण्याचा संभव फार थोडा, तरीही एकमत. तिथे आपले पाऊल जरा घट्ट जमिनीवर पडते. आठवीतल्या मुलीला हे समजते. चाळीस मिनिटांच्या तासात मी ते वर्गात करून पाहिलेले आहे, आणि पोरे अशी भांडली होती की शेजारच्या वर्गावरचे सर बघायला आले.

बर्नियर या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशाचेही तसेच. त्याच लुटीत महाराजांनी फादर अँब्रोज या पाद्र्याच्या मठाला हात लावू दिला नाही, हे त्याने लिहिले आणि आपण ते मोठ्या अभिमानाने लावतो. बर्नियर तेव्हा दिल्लीकडे होता. बातमी खरी असू शकते, मला तर ती खरीच वाटते. फक्त ती सुरतेत हजर नसलेल्या माणसाने लिहिलेली सुरतेची बातमी आहे, एवढे वाचणाऱ्याला कळू द्या.

आता आपल्या जिल्ह्यातले. प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला १० नोव्हेंबर १६५९ ला. बरोबर एक महिन्याने, १० डिसेंबरला, रेव्हिंग्टन या इंग्रज वखारवाल्याने कंपनीला पाठवलेल्या पत्रात ही हकिकत आली आहे. तो लिहितो की विजापूरच्या राणीने खानाला दहा हजार घोडदळ-पायदळ देऊन पाठवले, पण एवढ्या फौजेने शिवाजी आटोपणार नाही हे ती जाणून होती, म्हणून तिने त्याला मैत्रीचे सोंग करायला सांगितले. पुढचे वाक्य मला या सगळ्या पत्रव्यवहारात सर्वांत मोलाचे वाटते. महाराजांना हे हेरांकडून समजले की त्यांना नुसता संशय आला, ते ठाऊक नाही, असे तो स्पष्ट लिहितो. व्यापारी माणूस, धन्याला बातमी कळवतोय, तरी जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो. तुमच्या फलकावर दहा हजारांचा आकडा होता आणि राणीचा सल्लाही होता. ‘ठाऊक नाही’ तेवढे गाळले होते. का बरे? जागा तर होती, खाली भगवा पट्टा रिकामाच होता.

इथेच तारखांचेही सांगून टाकते, कारण त्यावरून दर वर्षी वाद होतो. त्या काळी इंग्रज जुने, ज्यूलियन पंचांग पाळत. फ्रेंच आणि पोर्तुगीज नवे पाळत. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलायचे, म्हणून सुरतेच्या लुटीच्या त्यांच्या मूळ कागदांवर जानेवारी १६६३ असेही दिसते. ते चुकलेले नाहीत, त्यांचे १६६४ अजून सुरू व्हायचे होते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखसुद्धा ज्यूलियनच आहे, नव्या पंचांगाने तो दिवस १६ जून येतो. आपली ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, ही मात्र दोन्हीकडे एकच. तेव्हा फलकावर तिथी आधी घाला, तारीख नंतर.

आता ज्याने खरोखर डोळ्यांनी पाहिले त्याच्याकडे या. हेन्री ऑक्झेंडन. राज्याभिषेकाचे त्याचे वर्णन तुम्ही सगळेच लावता, आणि सगळेच ‘सिंहासन फार भव्य होते’ एवढ्यावर सोडता. अरे, त्या माणसाने काय काय पाहिले! मुंबईकर इंग्रजांचा वकील म्हणून तो पाचाडला पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून याला खाली थांबून राहावे लागले. दरबारात सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या मुलाम्याचे भाले होते. उजवीकडच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची दोन सोनेरी मुंडकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका किमती भाल्याच्या टोकावर समतोल धरलेला सोन्याचा तराजू. ही मुसलमानी पद्धतीची राजचिन्हे आहेत, हेही तो नोंदवतो, आणि तराजू न्यायाचे चिन्ह हेही त्याला कळते. दाराशी दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या लगामाचे दोन घोडे. हे हत्ती इतक्या अवघड वाटेने वर आणले कसे, याचा त्याला उलगडा होत नाही.

आणि या वकिलातीच्या हकिकतीत एक म्हातारा खाटीक आहे. गडावर इंग्रजांचे मटणावाचून चालेना. त्यांना रोज बोकडाचे मटण पुरवणारा हा म्हातारा एक दिवस मुद्दाम डोंगर चढून वर आला. कशाला? तर गेल्या कित्येक वर्षांत मिळून विकले नसेल एवढे मटण ज्यांनी इतक्या थोड्या दिवसांत घेतले, ती माणसे आहेत तरी कशी हे बघायला. रायगडावर एरवी किती मटण खपत असे, याचे उत्तर कुठल्या बखरीत शोधाल? बखरकाराला ते लिहिण्याजोगे वाटलेच नसते, त्याच्या दृष्टीने ते रोजचेच होते. परका माणूस आपल्या कामाचा असतो तो इथे. आपल्याला जे दिसेनासे झालेले असते ते त्याला नवे म्हणून दिसते. या म्हाताऱ्याचा फलक करा. मुले त्याच्यासमोर थांबतील.

पण ऑक्झेंडन आला कशासाठी होता, तेही त्याच फलकावर लिहा. राजापूरची वखार लुटली गेली त्याची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मिळवायला. त्याची नजर नजराण्यांवर, दरांवर, चलनावर आहे. वैदिक विधींचे त्याच्याकडे फारसे काही मिळणार नाही, कारण तो त्याचा विषय नव्हता. त्यासाठी आपले संस्कृत आणि मराठी कागद आहेत.

एकाच माणसाच्या एकाच पानावर पाहिलेले आणि ऐकलेले कसे मिसळते, याला जेमेली करेरीसारखे उदाहरण नाही. हा इटालियन गोव्याहून निघून मार्च १६९५ मध्ये गलगल्याला औरंगजेबाच्या छावणीत गेला. आपल्या माहुलीवरून, कऱ्हाडावरून, सांगलीवरून खाली जाणाऱ्या कृष्णेच्याच काठी हे गलगले आहे. त्याने बादशहाला समोर पाहिले. वयाने वाकलेला, पांढऱ्या दाढीचा, मोठ्या नाकाचा म्हातारा, चष्म्यावाचून अर्ज वाचतोय, स्वतःच्या हाताने त्यावर शेरे मारतोय, चेहरा हसरा. हे वाचले की अंगावर काटा येतो, कारण हाच म्हातारा डिसेंबर १६९९ मध्ये आपल्या अजिंक्यताऱ्याखाली तळ देऊन बसला आणि एप्रिल १७०० पर्यंत हलला नाही. करेरीचे हे पाहिलेले मी घेते. त्याच पानावर साठ हजार स्वार, लाखभर पायदळ आणि तीस मैल घेराची छावणी आहे. ते त्याने मोजले असणे शक्य नाही, कुणी तरी सांगितलेले आहे. छावणी अफाट होती एवढेच त्यावरून घ्यावे.

सांगली-मिरजेकडचे वाचक असतील त्यांच्यासाठी. मंडेलस्लो या जर्मन प्रवाशाच्या नावावर छापलेल्या पुस्तकात गोवा ते विजापूर वाटेवरच्या गावांची रांग आहे आणि तिच्यात मिरजही आहे. १६३९ मधली मिरज म्हणून तिकडचे लोक ते मोठ्या हौसेने सांगतात. पण मंडेलस्लो सुरतेहून गोव्याला जहाजाने आला आणि जहाजानेच पुढे गेला. त्याच्या माघारी ऑलेरियस आणि विकफोर्ट यांनी पुस्तक छापताना इकडचे तिकडचे बरेच भरले. मिरजेची माहिती कुणाची तरी आहेच, पण ती मंडेलस्लोच्या डोळ्यांची नाही.

तुम्ही म्हणाल, बाई सगळ्यांनाच खोटे पाडायला निघाल्या. तसे नाही रे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरून जुन्नरला गेला. तो सांगतो की इथे एक पक्षी रात्री ओरडतो, ज्या घरावर बसतो तिथे माणूस मरतो, आणि मारायला जावे तर त्याच्या चोचीतून आग निघते. घुबडाबद्दल गावकऱ्यांनी सांगितलेले त्याने भाबडेपणाने लिहिले. पण तोच निकितीन, जुन्नरच्या सुभेदाराने आपला घोडा कसा काढून घेतला, धर्म बदल म्हणून कसा धाक घातला, तो घोडा परत कसा मिळाला, हे लिहितो तेव्हा ते त्याच्यावर बेतलेले असते. चार महिन्यांचा पाऊस आणि चिखल त्याने अंगावर घेतलेला असतो. खेड्यातले लोक फार हलाखीत आणि सरदार ऐषारामात, हे त्याने रस्त्यावर पाहिलेले असते. आगीच्या पक्ष्यासाठी त्याचा घोडा टाकून द्यायचा का?

आणि दुष्काळ. १६३० चा. पीटर मंडी हा इंग्रज त्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला, वाट आपल्या खानदेशातून, नंदुरबारवरून. गावांच्या वेशीबाहेर उघडी प्रेते पाय धरून ओढत आणून टाकलेली, त्यांनी रस्ता निम्मा अडलेला, माणसे जनावरांच्या शेणातले दाणे वेचताहेत, हे त्याने लिहून ठेवले. शहाजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, तोच दुष्काळ लिहिला. भाकरीच्या तुकड्यासाठी जीव विकायला काढले तरी घेणारा नव्हता, असे त्याचे शब्द, आणि पाठोपाठ बादशहाने घातलेल्या अन्नछत्रांचे वर्णन. आणि तिसरे आपले तुकोबा. दुष्काळाने द्रव्य गेले, मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतःच्या घरातले सांगितले. एक वाटसरू, एक दरबारी, एक ज्याच्या घरात मरण आले तो. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याचे वाचलेले नव्हते. हा एवढा एक फलक करा, बाकी काही लावले नाही तरी चालेल.

एक कबुली द्यायची आहे. युआन श्वांग हा चिनी यात्रेकरू सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे तो लिहितो. हे वाक्य मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहिले. त्याच्याच पुढे तो सांगतो की इथले वीर दारू पिऊन लढाईला उतरतात, आणि त्यांच्यापैकी कुणी वाटेत माणूस मारला तर कायदा त्याला शिक्षा करत नाही. हे मी फळ्यावर कधीच लिहिले नाही. ज्या माणसाचे पहिले वाक्य आपण पुरावा म्हणून घेतो, त्याचे पुढचे वाक्य गाळायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ते वाक्य तपासू, त्यावर शंका घेऊ, पण मुलांसमोर तर ठेवू. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या वर्षी मी दोन्ही वाक्ये लिहिली. एका मुलाने विचारले, “मग ज्याला मारले त्याच्या घरच्यांनी काय केले?” ज्या प्रश्नाची मी इतकी वर्षे वाट पाहत होते तो प्रश्न असा समोर आला.

अजून एक. या प्रवाशांच्या वाटा बंदर, राजधानी, छावणी अशा जातात. माण-खटावातल्या एखाद्या वाडीत कोण आले? कुणी नाही. तिथल्या पाटीलकीचे भांडण, विहिरीच्या पाण्याची पाळी, पडलेल्या रानाचा सारा, हे सगळे मोडी कागदांत आहे, महजरांत म्हणजे जुन्या निवाडपत्रांत आहे, आणि तुमच्यापैकी काहींच्या घरच्या ट्रंकांत आहे. साहेबाच्या शब्दाला आपण जेवढे वजन देतो त्याच्या निम्मे तरी आपल्याच पणजोबाच्या ट्रंकेतल्या कागदाला द्या. पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक परकीय कागदाशेजारी एक मोडी कागद लावा, वाचून, सोप्या मराठीत उतरवून. वाचायला माणूस हवा असेल तर साताऱ्यात मोडी येणारे चार-पाच जण मी गोळा करून देते.

आणि प्रत्येक उताऱ्याखाली एक ओळ छापा: लिहिणारा कोण, इथे कधी होता, हे पाहिले की ऐकले, लिहिले कधी आणि कुणासाठी. एक ओळ, बारीक अक्षरांत का होईना. भगव्या पट्ट्यात बसते, मी मोजून पाहिले आहे.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीच्या फलकांचा मजकूर छापायला टाकाल त्याआधी एकदा घेऊन या. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते. आणि ती वही घेऊन आलेली मुलगी कुणाच्या ओळखीची असेल, तर तिलाही घेऊन या. थेवेनो आपल्याकडे आला नव्हता, हे मला तिला सांगायचे आहे.

तुमची,
एक निवृत्त इतिहासशिक्षिका, सातारा